वर्गांतील खेळ

शाळेच्या ओसरीवरून जातांना एखाद्या वर्गांतून पाढ्यांचा गजर ऐकूं आला, तर जाणाराचें पाऊल थांबत नाहीं. हंशा ऐकूं आला, तर मात्र तें थबकतें. वास्तविक पाढ्यांचा कोलाहल हंशापेक्षां पुष्कळ मोठा. परंतु तो विद्येचा आवाज आणि हा शिस्त मोडल्याचा, अशी वांटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे. घरींहि निराळें घडत नाहीं. ‘आज शाळेंत काय शिकलास?’ या प्रश्नाला ‘आज आम्ही खेळलों’ असें उत्तर मिळालें, कीं विचारणाऱ्या आईच्या कपाळाला आठी पडते. मुलाला शाळेंत घातलें तें खेळायला काय, असा प्रश्न मग उपस्थित होतो.

या आठीला कोणी हंसूं नये. तिच्या मागें एक रास्त शंका आहे. वर्गांत खेळ म्हणून जें चालतें त्यांतील बराच भाग खरोखरच वेळ घालविण्याचा प्रकार असतो. शनिवारचा शेवटचा तास, शिक्षक थकलेले, मुलें कंटाळलेलीं. मग ‘चला, भेंड्या लावूं’ असें म्हणून घंटेची वाट पाहणें चालतें. त्यांत पाप कांहीं नाहीं. पण तें शिक्षणहि नव्हे. दुसरा एक प्रकार याहून फसवा आहे. कडू औषध गुळांत घालून द्यावें, तसा धडा खेळाच्या वेष्टनांत दिला जातो. मूल चतुर असतें. तें गूळ चाटतें आणि औषध थुंकून टाकतें. गणित बरोबर सोडविलें तर चिठ्ठी, दहा चिठ्ठ्या जमल्या तर बक्षीस, अशा खेळांत मुलाचें सर्व लक्ष चिठ्ठीवर असतें आणि गणित ही मधली अडचण होऊन बसते. तेव्हां खेळ असावा कीं नसावा, हा वादच चुकीच्या जागीं मांडलेला आहे. कोणता खेळ, आणि त्या खेळांत शिकण्याची गोष्ट नेमकी कोठें बसली आहे, हें पाहिलें पाहिजे.

हा विचार फार जुना नाहीं, तसा अगदीं नवाहि नाहीं. जर्मनींतील फ्रीड्रिख फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग या गांवीं लहान मुलांची शाळा काढली, आणि १८४० सालीं तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें. त्याच्या ‘देणग्या’ प्रसिद्ध आहेत. पहिली देणगी लोंकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लांकडी गोल, घन आणि नळकांडें यांची. तिसरी आठ लहान घनांत विभागलेल्या एका मोठ्या घनाची. तो मोठा घन मुलानें मोडावा, पुन्हां जुळवावा, आणि मोडतां-जुळवतां अर्धा, पाव, अष्टमांश हे भाग त्याच्या हाताला कळावे, ही त्यांतील योजना. अशा निरुपद्रवी शाळांची प्रशियाच्या सरकारला १८५१ सालीं एवढी धास्ती वाटली, कीं त्यांवर बंदी घालण्यांत आली. ती उठली १८६० सालीं. तोंवर फ्रोबेल वारला होता. लांकडी ठोकळ्यांना भिणारें सरकार विरळाच म्हणावें लागेल!

पुढें इटलींत डॉ. मारिया माँटेसरी यांचें पहिलें बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत उघडलें. मुलें जें करतात त्याला त्या ‘खेळ’ म्हणण्यापेक्षां ‘काम’ म्हणणें पसंत करीत. तरी त्यांनीं वर्गाला दिलेल्या एका गोष्टीला सारे खेळच म्हणतात, आणि ती म्हणजे शांततेचा खेळ. त्याचा उगम त्यांनीं स्वतःच सांगितला आहे. एके दिवशीं चार महिन्यांचें एक तान्हें मूल घेऊन त्या वर्गांत आल्या. कपड्यांत गुंडाळलेलें तें मूल अगदीं शांत होतें. इतकें शांत राहणें तुम्हांपैकीं कोणालाहि जमणार नाहीं, असें त्या गमतीनें म्हणाल्या. आणि मुलें खरोखरच निश्चल होऊन श्वाससुद्धां जपून घेऊं लागलीं. घड्याळाची टिकटिक ऐकूं येऊं लागली. पुढें या प्रसंगाचाच खेळ झाला. खोली अंधुक करावयाची, मुलांनीं हालचाल न करतां बसावयाचें, आणि शेजारच्या खोलींतून बाई एकेका मुलाचें नांव कुजबुजत्या आवाजांत घेणार. ज्याचें नांव येईल त्यानें पाऊल न वाजवितां, खुर्ची न सरकवितां तिकडे जावयाचें. चाळीस मुलांच्या वर्गांत ज्याचें नांव अगदीं शेवटीं येतें त्याला किती वेळ दम धरावा लागत असेल, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

हाच खेळ भारतांतल्या एका वर्गांत साफ फसला, आणि त्या फजितीची हकीकत बालशिक्षणाच्या वाङ्मयांत कायमची जाऊन बसली. तो वर्ग अर्थात् कल्पित होता. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत आले, आणि १९२० सालीं तेथें त्यांनीं बालमंदिर सुरू केलें. भरघोस मिशांच्या या गृहस्थांना गुजरातेंत ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, असें म्हणत. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकांतला शिक्षक मोठ्या हौसेनें चौथीच्या वर्गांत शिरतो, दारें-खिडक्या लावून शांततेचा खेळ मांडतो, आणि मुलें त्या अंधाराचा फायदा घेऊन वर्ग डोक्यावर घेतात. अखेर त्याला मुलांना सुटी देऊन टाकावी लागते. दुसऱ्या दिवशीं तो शहाणा होऊन येतो आणि गोष्ट सांगूं लागतो. आतां मुलें चित्रासारखीं बसतात.

गिजुभाईंनीं आपल्या नायकाला पहिल्याच दिवशीं तोंडघशीं पाडलें, हें त्यांच्या अनुभवाचें लक्षण होय. रोमच्या त्या मुलांना आपल्या हातापायांवर आपला ताबा ठेवण्याची संवय लागलेली होती. शांतता ही त्यांची स्वतःची कमाई होती. उलट, वर्षानुवर्षें छडीच्या धाकानें गप्प बसविलेल्या मुलांना ‘आतां आपखुशीनें गप्प बसा’ असें कोणी सांगितलें, तर त्यांनीं पहिल्यांदा काय करावें? आजवरचें सगळें गप्प बसणें व्याजासकट वसूल करावें, हेंच स्वाभाविक. एका वर्गांत रुजलेला खेळ उपटून दुसऱ्या वर्गांत लावतां येत नाहीं. नव्या शिक्षकानें गोष्टीपासून आरंभ करावा, ही गिजुभाईंची सूचना आजहि खरी ठरते. कारण गोष्ट ऐकतांना मुलाकडून कांहींच मागितलें जात नाहीं, आणि शिक्षकाविषयींचा विश्वास तेवढ्यांत जमूं लागतो.

मग चांगला खेळ ओळखावयाचा कसा? एक साधी कसोटी आहे. खेळांतून शिकण्याचा भाग काढून टाकला तर मागें खेळ उरतो काय, हें पाहावें. उरत असेल, तर धडा वरून चिकटविलेला आहे. उरत नसेल, तर तो खेळाच्या हाडांतच आहे.

उदाहरणार्थ, विसाचा खेळ घ्यावा. श्रोत्यांपैकीं कोणाला आज रात्रीं जेवणानंतर करून पाहावयाचा असेल, तर त्याला साहित्य कांहींच लागत नाहीं. दोघांनीं आळीपाळीनें मोजावयाचें, आणि प्रत्येकानें आपल्या पाळीला एक किंवा दोनच आंकडे पुढें जावयाचें. पहिला ‘एक’ म्हणेल किंवा ‘एक, दोन’ म्हणेल; दुसरा तेथून पुढें पुन्हां एक किंवा दोन. जो ‘वीस’ म्हणेल तो जिंकला. तिसरी-चौथींतलीं मुलें आरंभीं हा नशिबाचा खेळ समजून भराभर खेळतात. आठ-दहा डाव झाले, कीं कोणाच्या तरी ध्यानांत येतें, कीं जो सतरावर जाऊन बसला त्याला कोणी अडवूं शकत नाहीं. समोरचा अठरावर थांबो कीं एकोणिसावर, वीस आपलेच. मग सारी धडपड सतरा गांठण्याची सुरू होते. पण सतरासाठीं चौदा हवेत, चौदासाठीं अकरा, अकरासाठीं आठ, आठासाठीं पांच, आणि पांचासाठीं दोन. म्हणजे जो पहिल्यानें खेळतो आणि ‘एक, दोन’ म्हणून थांबतो, तो पुढें चुकला नाहीं तर हरत नाहीं. हा शोध लागलेल्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

येथें शिक्षकानें हळूच विसाच्या जागीं एकवीस ठेवावे. आतां सगळा खेळ उलटतो. मागून खेळणारा जिंकूं लागतो. कां? तीन-तीनच्या उड्या मारीत खालीं आलें असतां शेवटीं दोन उरतात कीं कांहींच उरत नाहीं, हें पाहावें लागतें. भागाकार शिकवितांना ‘बाकी’ हा शब्द फळ्यावर पुनःपुन्हां लिहूनहि जो अर्थ मुलाला परका राहतो, तो येथें त्याच्या गरजेचा होतो. शिक्षकाला एकच पथ्य सांभाळावयाचें असतें आणि तेंच सर्वांत कठीण आहे: युक्ति सांगून टाकावयाची नाहीं. ज्या मुलाला ती सांपडली त्यानेंहि ती ओरडून सांगूं नये. ‘सांपडली’ एवढेंच म्हणावें, आणि शिक्षकाबरोबर एक डाव खेळून ती सिद्ध करावी.

याच जातीचा दुसरा खेळ मनांतला आंकडा ओळखण्याचा. एकापासून शंभरापर्यंत कोणताहि आंकडा एकानें मनांत धरावा. इतरांनीं प्रश्न विचारावे. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाहीं’. मुलें प्रथम ‘सत्तावीस काय?’, ‘साठ काय?’ असे नेम मारीत सुटतात. ‘पन्नासाहून मोठा काय?’ हा प्रश्न ज्या दिवशीं कोणी विचारतें, त्या दिवशीं वर्ग एक पायरी चढतो. अर्ध्याचें अर्धें करीत गेलें, तर कोणताहि आंकडा सात प्रश्नांत हातीं येतो. कारण एकाची सातदां दुप्पट-दुप्पट करीत गेल्यास १२८ होतात, आणि शंभर त्याच्या आंतच आहेत.

भाषेच्या तासाला तर खेळ शोधीत जावेंच लागत नाहीं. क्रियाविशेषण म्हणजे काय, याची व्याख्या पाठ केलेलीं मुलें परीक्षेंत ती बिनचूक लिहितात आणि वाक्यांतलें क्रियाविशेषण त्यांना ओळखतां येत नाहीं. त्याऐवजीं एका मुलाला वर्गाबाहेर पाठवावें, आणि बाकीच्यांनीं मिळून एक शब्द ठरवावा: ‘ऐटींत’, ‘भीतभीत’, ‘आळसानें’, ‘घाईघाईनें’, असा कोणताहि. बाहेरच्या मुलानें आंत येऊन कोणालाहि आज्ञा करावी: पुस्तक उघड, पाणी पी, टोपी घाल, गुरुजींना नमस्कार कर. आज्ञा झालेल्या मुलानें तें काम ठरलेल्या रीतीनेंच करावयाचें, आणि ती रीत पाहून शब्द ओळखावयाचा. ‘ऐटींत’ पाणी पिणारा मुलगा आणि ‘संशयानें’ पुस्तक उघडणारी मुलगी ज्यांनीं पाहिली, त्यांना क्रियाविशेषण क्रियेला काय करतें, हें पुन्हां सांगावें लागत नाहीं. वर उल्लेखिलेली कसोटी येथें लावून पाहावी. क्रियाविशेषण काढलें, तर खेळच नाहींसा होतो.

मघाशीं भेंड्यांना थोडा दोष दिला गेला. परंतु त्या नीट खेळल्या तर त्यांतहि व्याकरण भरलेलें आहे. ‘ळ’ वर आणून प्रतिपक्षाला अडविण्याची लबाडी प्रत्येक पिढी नव्यानें शोधून काढते, आणि मग ‘ळ’ च्या ठिकाणीं ‘ल’ घ्यावा असा तह होतो. येथें शिक्षकानें तह करूं द्यावा, पण त्यापूर्वीं विचारावें, कीं ‘ळ’ नें आरंभ होणारा एक तरी मराठी शब्द सांपडतो काय? ‘ण’ नें? मुलें शब्दकोश उघडून बसतात. शब्दकोश आपण होऊन उघडला जाणें, हा तर कित्येक शाळांत वर्षाचा सण ठरावा.

या सर्वांवर एक आक्षेप मात्र घेतां येतो, आणि तो आईच्या आठीपेक्षां पुष्कळ गंभीर आहे. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. ‘शिवाजी म्हणतो, हात वर करा’ असें म्हटलें तरच हात वर. नुसतें ‘हात वर करा’ म्हटल्यावर ज्यानें हात उचलला तो बाद. ऐकण्याची तालीम म्हणून खेळ उत्तम आहे. पण पहिल्या फेरींत बाद कोण होतो, इकडे कोणी पाहिलें आहे काय? ज्याचें लक्ष पटकन उडतें तो. ज्याच्या घरची बोली निराळी असून ज्याला पुस्तकी भाषेंतली आज्ञा झटकन कळत नाहीं तो. जो बिचकून शेजाऱ्याकडे पाहून हात उचलतो तो. म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वांत अधिक, तोच दोन मिनिटांत भिंतीला टेकून बसतो. ज्याला ती मुळींच नाहीं असा हुशार मुलगा शेवटपर्यंत खेळत राहून टाळ्या घेतो. अर्धा तास खेळ चालला असेल, तर त्या पहिल्या मुलाच्या वांट्याला त्यांतलीं दोन मिनिटें आलीं, आणि उरलेल्या वेळांत तो एवढेंच शिकला, कीं आपण या खेळांतले नव्हे. पुष्कळ दिवस असेंच घडलें, तर आपण या शाळेंतले नव्हे, असें समजावयाला त्याला वेळ लागत नाहीं. गमतीच्या नांवाखालीं छडीचेंच काम येथें होतें, आणि तें दिसत नाहीं म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाहीं.

उपाय अवघड नाहीं. बाद करण्याची चालच सोडून द्यावी. प्रत्येकाजवळ पांच चिंचोके असावे. चुकला त्यानें एक द्यावा, पुढच्या तीन आज्ञा बिनचूक पाळल्या तर एक परत घ्यावा. किंवा चुकांची बेरीज सबंध वर्गाची धरावी: या फेरींत चौदा चुका झाल्या, पुढच्या फेरींत दहांवर आणूं. गट पाडून प्रश्नोत्तरें करावयाचीं असल्यास गटानें आधीं आपसांत विचार करावा, आणि उत्तर कोणीं द्यावयाचें हें मागून चिठ्ठी टाकून ठरवावें. मग गटांतल्या हुशार मुलाला स्वतः उत्तर ठाऊक असून भागत नाहीं. तें अगदीं कच्च्या सोबत्यालाहि समजावून द्यावें लागतें, कारण चिठ्ठी त्याचीच निघाली तर? मुलांना एरवीं जें दहा उपदेशांनीं पटत नाहीं तें या एका चिठ्ठीनें पटतें. आणि गट पाडतांना दोन नायक नेमून त्यांना एकेक गडी निवडूं देण्याची मैदानावरील पद्धत वर्गांत आणूं नये. सर्वांत शेवटीं जो उरतो त्याच्या मनाची स्थिति ज्याला आठवते, त्याला याचें कारण सांगावयास नको.

साठ मुलांच्या वर्गांत हें सारें जमावें कसें, असें शिक्षक विचारतील. विसाचा खेळ एका बांकावरच्या दोघांचा आहे. साठ मुलांत तीस डाव एकदम चालतात. आवाज होईल, परंतु तो कामाचा आवाज असेल, आणि ओसरीवरून जाणाराला तो हळूहळू ओळखूं येऊं लागेल. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचें शिक्षण खेळाच्या आधारानें द्यावें असें म्हटलें आहे, तेव्हां निदान कागदावर तरी आतां खेळाला बंदी उरलेली नाहीं.

साहित्याच्या खर्चाची अडचण मात्र खरी होती, आणि तिचा विचार महाराष्ट्रांतच फार बारकाईनें झाला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं भावनगरास गिजुभाईंबरोबर काम केलें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ सालीं मुंबईंत दादरला शिशुविहार निघालें. तेथपर्यंत मुलें शहरांतलीं होतीं. १९४५ सालीं ताराबाई बोर्डीच्या समुद्रकाठीं गेल्या, आणि अनुताई वाघ यांच्या साह्यानें खेड्यांतल्या मुलांसाठीं त्यांनीं बालवाडी सुरू केली. परदेशी पद्धतीचे महाग ठोकळे, दट्टे व मण्यांच्या माळा तेथें आणावयाच्या कोठून? शिंपले, खडे, बिया, पानें यांवर त्यांनीं तीच कामें बसविलीं. मुलें शाळेपर्यंत येत नाहींत असें दिसल्यावर शाळाच मुलांच्या अंगणांत नेली, आणि तिला अंगणवाडी म्हटलें. पुढें १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेच्या केंद्रांमुळें हें नांव देशभर पसरलें.

१९५७ सालीं हें काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथल्या आदिवासी घरांतलीं मुलें दिवसभर गुरें-शेळ्या राखीत. शाळेंत बसणें म्हणजे घरचें काम बुडविणें. म्हणून ताराबाई व अनुताई यांनीं कुरणशाळा काढली. जेथें गुरें चरत तेथेंच शिक्षकानें जावयाचें, आणि झाडाखालीं मुलें जमतील तेवढ्या वेळांत शिकवावयाचें. शहरांतल्या शिक्षकाच्या हातीं घंटा असते, हजेरीपट असतो, आणि मुलाला परत वर्गांत आणून बसविणारे आईबाप असतात. कुरणांत यांपैकीं कांहींच नव्हतें. भिंत नव्हती कीं बांक नव्हता, आणि खेळ आवडला नाहीं तर उठून आपल्या शेळ्यांमागें जावयाला मुलाला कोणाची परवानगी लागत नव्हती.